नवगावच्या किनाऱ्यावर कोण उतरलं?

पनवेल
रविवार सकाळ

चि. लाडक्या भाचीस,


तुझं पत्र मिळालं. प्रयोगशाळेच्या अहवालातले टक्के तू रकाने पाडून उतरवलेस आणि खाली एवढंच विचारलंस, ‘आत्या, म्हणजे आपण दोन हजार वर्षांपूर्वी आलोच नव्हतो का?’ याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येणार नाही, म्हणून लिहायला बसले. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. आता प्रश्न आपल्या घरचा आहे म्हणून हातचं राखून बोलणं मला जमायचं नाही. आणि हाच प्रश्न आपल्या कितीतरी घरांत विचारला जातोय, म्हणून हे पत्र तुझ्यासोबत इतरांनीही वाचलं तर मला हवंच आहे.

आपल्या बेने इस्राएलांची गोष्ट तुला पाठ आहे. गॅलिलीकडून निघालेलं गलबत चौल बंदराकडे येत होतं, ते खांदेरी-उंदेरीजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचून नवगावला लागल्या. वाहून आलेली प्रेतं किनाऱ्याजवळच पुरली, पुरुषांचा ढिगारा वेगळा, बायकांचा वेगळा. धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरलेल्यांनी तेलाचे घाणे धरले, शनिवारी घाणा बंद ठेवला, आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावांनी त्यांना शनिवार तेली म्हटलं. ही गोष्ट आपण सगळे एका सुरात सांगतो. तिच्यातलं ‘कधी’ मात्र बरंच नंतर पक्कं झालं.

इ.स.पूर्व १७५ हे साल रूढ झालं ते मुख्यतः हाइम सॅम्युएल किहिमकरांमुळे. १८७५ साली मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढणारे हेच ते. त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून काढला, पण तो छापलेला बघायला ते राहिले नाहीत. पुस्तक तेल अवीवहून निघालं ते १९३७ साली. त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे, कारण त्यांनी नुसती दंतकथा सांगितली नाही, तर पुरावा मांडायचा प्रयत्न केला. त्यांचा मुख्य आधार आपले सण होते. नव्याचा सण होता, दारफाळणीचा होता, अनशी ढाकायचा होता, बिरड्याचा होता. हनुका मात्र आपल्याकडे माहीतच नव्हता. हनुका सुरू झाला तो मकाबींनी जेरुसलेमचं मंदिर पुन्हा पवित्र केलं तेव्हापासून, म्हणजे इ.स.पूर्व १६४पासून. ज्यांना हनुका ठाऊक नाही ते त्याआधीच निघाले असणार, असा किहिमकरांचा हिशेब.

हा युक्तिवाद मी वर्गात मुलांपुढे मांडत असे आणि त्यातली फट शोधा म्हणत असे. एखादी हुशार मुलगी बरोबर बोट ठेवायची. ज्यांची पुस्तकंच बुडाली ते एखादा सण विसरूही शकतात. विसरणं आणि मुळातच माहीत नसणं, शंभर पिढ्यांनंतर हे दोन्ही सारखंच दिसतं. मग किहिमकरांच्या बाजूचं कुणीतरी उठायचं. पुरीमचा सणही तोरामधला नाही, तो कसा टिकला? माझं उत्तर असं, की पुरीम होळीच्या शेजारी पडतो. सगळं गाव सण करत असताना आपलाही सण ध्यानात राहतो, म्हणून तर आपण त्याला होळीचा सणच म्हणत आलो. हनुक्याच्या दिवसांत कोकणात असा जोडीला सण नाही. हे माझं अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण एका सणाच्या अभावावर दोन हजार वर्षांची तारीख उभी राहत नाही, एवढं त्यातून नक्की निघतं.

दुसरी अडचण चौदा या आकड्याची. चिपळूणची कथा तू ऐकली असशील. परशुरामाने समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतं जिवंत केली आणि त्यांच्यापासून चित्पावन झाले, असं सांगतात. एकाच किनाऱ्यावरचे दोन समाज, दोघांच्या मुळाशी समुद्र आणि चौदा माणसं. कोणी कोणाकडून घेतलं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि मला त्यातली कुठलीच बाजू पटलेली नाही. या किनाऱ्याला माणसं समुद्रातून येतात हे नेहमीच माहीत होतं, आणि आपलं मूळ सांगायची पद्धत शेजाऱ्यांनी एकमेकांची उचलली असेल. म्हणून गलबत फुटलंच नाही, असं होत नाही. अलिबागेहून नवगावला जाऊन खांदेरीकडे बघ. पावसाळ्याच्या तोंडाला त्या खडकांवर लाटा कशा फुटतात ते पाहिलं की तिथे गलबत फुटणं ही कल्पना वाटत नाही. सात आणि सात हा आकडा मात्र मी शब्दशः घेणार नाही.

आता कागद बघू. आपल्याबद्दलचे स्पष्ट, नि:संशय लेखी उल्लेख अठराव्या शतकातले आहेत. १७३८ साली सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने पश्चिम किनाऱ्यावर ‘बेने इस्राएल’ म्हणवणारे लोक आहेत, त्यांच्याकडे बायबल नाही पण ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांना येते, असं ऐकून लिहिलं. १७६८ साली कोचीनच्या एझेकिएल राहाबींच्या पत्रात कोकणातले, तेल काढणारे, शब्बाथ पाळणारे आपण आहोत. त्याच्या मागे गेलीस की एकदम बाराव्या शतकाच्या अखेरीस पोचतेस. यहुदी धर्मपंडित रॅम्बामने, म्हणजे मायमोनिडीझने, एका पत्रात लिहिलं की हिंदुस्तानातल्या यहुद्यांना शब्बाथ आणि आठव्या दिवशीची सुन्नत यापलीकडे काही ठाऊक नाही. ते आपणच का? असू शकतो. त्याने गावाचं नाव घातलेलं नाही. आणि ज्या डेव्हिड राहाबीने मासे पुढे ठेवून आपल्या बायकांची परीक्षा घेतली, खवले आणि पर असलेले, म्हणजे आपल्या धर्माला चालणारे, मासे त्यांनी बरोबर वेगळे काढले, तो कोणी इ.स. १०००च्या सुमाराचा म्हणतात, तर कोणी अठराव्या शतकातल्या त्याच कोचीनच्या घराण्यातला. एकाच माणसाच्या तारखेत सात-आठशे वर्षांचा फरक पडतो.

तू अमेरिकेत शिकतेस, तिथेही पहिली माणसं कधी आणि कुठून आली हा नेमका असाच वाद चालू आहे, हे तूच मला कळवलंस. त्या वादाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो, तो तुझ्या वर्गात कोणी सांगितला नसेल. स्पॅनिश लोक अमेरिकेत पोचले आणि तिथल्या आदिवासींना बघून विचारू लागले की ही माणसं इथे आली कुठून? होसे दे अकोस्ता या जेसुइटाने १५९० सालीच लिहिलं की ती बहुधा आशियातून, जमिनीने जोडलेल्या किंवा अगदी जवळ आलेल्या भागातून चालत आली असणार. इतका शहाणा अंदाज हाताशी असूनही लोकांना दुसरीच गोष्ट आवडली. हे इस्राएलचे हरवलेले दहा वंश आहेत! १६५० साली ॲमस्टरडॅमच्या मेनासे बेन इस्राएलने त्यावर पुस्तक लिहिलं. १७७५ साली जेम्स अडेअरने तिथल्या आदिवासींच्या चालीरीतींत यहुदी खुणा एकेक करून मोजल्या. आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत मिशनरी डॉ. जॉन विल्सन, ज्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहून आपल्या लोकांना ती भाषा परत दिली, तेही आपल्याला त्याच हरवलेल्या वंशांत बसवू पाहत होते. माणसांना आधी ठरलेल्या जागी बसवायचं आणि मग त्यांच्या खुणा गोळा करायच्या, ही खोड दोन्ही किनाऱ्यांवर सारखीच होती.

तिथल्या पुरातत्त्वातही आधीच ठरवून टाकायची ही खोड मोडायला बराच काळ लागला. न्यू मेक्सिकोतल्या क्लोविसजवळ भाल्यांची दगडी पाती सापडली, ती सुमारे १३ हजार वर्षांपूर्वीची ठरली, आणि त्याआधी अमेरिकेत कोणी नव्हतंच हे जवळजवळ धर्मवचन झालं. टॉम डिलहे यांनी १९७७पासून चिलीत मोंते वेर्दे खणलं. तिथे साडेचौदा हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली, तरी विरोधकांनी जागेवर येऊन पाहून ती मान्य करायला १९९७ साल उजाडलं. उत्तरेतून बर्फाच्या थरांमधून खाली येणारी वाट तेव्हा उघडलेलीही नव्हती. मग माणसं चिलीपर्यंत पोचली कशी? बहुधा किनाऱ्याकिनाऱ्याने, होड्यांतून. तो किनारा आज पाण्याखाली आहे.

न्यू मेक्सिकोतल्याच व्हाइट सँड्सच्या पाऊलठशांबद्दल तू फार आनंदाने लिहिलंस. त्यात मला जे सगळ्यांत आवडलं ते पुन्हा सांगते. २०२१ साली ते ठसे २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीचे म्हणून जाहीर झाले. तारीख काढली होती पाण्यात वाढणाऱ्या गवताच्या बियांवरून. लगेच आक्षेप आला की असं गवत पाण्यातला जुना कार्बन शोषतं, म्हणून बी आहे त्यापेक्षा जुनं भासतं. संशोधकांनी चिडून उत्तर दिलं नाही. त्यांनी जमिनीवरच्या झाडांचे परागकण गोळा केले, मातीतले स्फटिक शेवटचे उजेडात कधी होते ते मोजलं, आणि २०२३ साली पुन्हा तीच तारीख पुढे ठेवली. शंका घेणारा वैरी नसतो, हे आपल्या समाजात मी किती वेळा सांगितलं असेल! इ.स.पूर्व १७५वर कोणी शंका घेतली की आपली काही माणसं दुखावतात. दुखावून घ्यायचं कारण नाही. दुसरा पुरावा शोधावा.

आता तुझ्या टक्क्यांकडे येते. तुझ्या अहवालाला मी फार किंमत देणार नाही. त्या कंपनीकडे आजच्या ज्या लोकांचे नमुने असतात त्यांच्याशी ताडूनच ते टक्के काढतात. खरं वजन आहे ते २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाला. कॉर्नेल आणि तेल अवीव विद्यापीठांतल्या संशोधकांनी १८ बेने इस्राएली व्यक्तींचे जीनोम तपासले. आपल्यात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा अंश आहे आणि भारतीयांचा आहे, दोन्ही भरघोस. म्हणजे ‘हे बाटलेले किंवा भुललेले स्थानिकच’ असं म्हणणारे खोटे ठरले, आणि ‘आम्ही शुद्ध राहिलो’ म्हणणारे आपलेही खोटे ठरले. हे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं, म्हणजे साधारण ६५० ते १०५० वर्षांपूर्वीचं.

तू इथेच घाबरलीस, आणि इथेच तुझं वाचन घाईचं झालं. ही तारीख कशाची आहे ते आधी बघ. दोन वेगळ्या मुळांची माणसं लग्न करतात तेव्हा मुलांच्या गुणसूत्रांत दोन्हीकडचे लांबलांब पट्टे येतात. पुढे प्रत्येक पिढीत ते तुटतात, पुन्हा जुळतात, आखूड होत जातात. पट्ट्यांची लांबी मोजून किती पिढ्या गेल्या ते काढतात. म्हणजे हा आकडा लग्नांचा आहे, गलबताचा नाही. माणसं त्याआधी पाचशे वर्षं येऊन आपापसांतच लग्नं करत राहिली असतील, तर या पद्धतीला ते दिसणार नाही. त्याच पिढीत आली आणि लगेच इथली झाली, तरी आकडा हाच येईल. अमेरिकेतही असंच आहे ना? तिथल्या आदिवासींचे पूर्वज आशियातल्या नातलगांपासून कधी वेगळे झाले हे डीएनए सांगतो. एखाद्या खाडीच्या काठी पहिलं पाऊल कधी पडलं हे तो सांगत नाही.

मात्र ६५० ते १०५० वर्षं हा काळ पोकळ नाही, त्या काळातला हा समुद्र आपल्याला कागदांवरून चांगला माहीत आहे. दहाव्या शतकात अल-मसूदी चौलला, त्याच्या भाषेत सैमूरला, येऊन गेला. तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले सुमारे १० हजार मुसलमान राहतात आणि त्यांची इथेच जन्मलेली संततीही आहे, असं त्याने नोंदवलं. कैरोच्या सिनेगॉगमध्ये सापडलेल्या जुन्या कागदांत अब्राहम बेन यीजू नावाच्या यहुदी व्यापाऱ्याची पत्रं आहेत. तो बाराव्या शतकात मंगळूरला बरीच वर्षं राहिला. तिथे आशू नावाच्या दासीला त्याने ११३२ साली रीतसर लेख करून मुक्त केलं, आणि ती त्याच्या मुलांची आई झाली असं अभ्यासक मानतात. अमिताव घोष यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं आहे. मंगळूर म्हणजे नवगाव नव्हे, आणि बेन यीजू आपला पूर्वज आहे असं मी म्हणत नाही. पण आपल्या रक्तात जे दिसतं ते त्या काळात कसं घडत होतं, त्याचं एक घर तरी नावागावासकट आपल्यापुढे आहे.

आणि म्हणून मला त्या सात बायकांचा विचार पुन्हा करावासा वाटतो. २०१६च्या त्या डीएनए अभ्यासात असं दिसलं की यहुदी अंश पुरुषांकडून जास्त आला आणि भारतीय अंश बायकांकडून. तर सात जणींपैकी किती जणी गलबतातून उतरल्या आणि किती जणी आधीच किनाऱ्यावर उभ्या होत्या? आपल्या जेवणात मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध असतं, कारण मांसासोबत जनावराचं दूध चालत नाही. नियम बाहेरून आला असेल, नारळ किसणारी इथली होती. मलिद्याच्या ताटात भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं मांडून आपण एलियाहू हन्नबीचं नाव घेतो. ते ताट कोणी पहिल्यांदा लावलं असेल? आपल्या इतिहासात त्या बाईचा उल्लेख नाही. किहिमकरांच्या पुस्तकात नाही, आजीच्या गोष्टीत नाही. आपल्यात ज्या कोकणातल्या बायका आल्या त्यांना आपण दोन हजार वर्षांच्या तारखेखाली झाकून टाकलं, याचं मला वाईट वाटतं, आणि डीएनएच्या त्या अभ्यासाने त्यांना पुढे आणलं याचा मला आनंद आहे.

आपली माणसं यावर बोलायला का बिचकतात तेही समजून घे. इस्रायलमध्ये गेलेल्या आपल्या लोकांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या आईकडची वंशावळ तपासावी, असा आदेश तिथल्या मुख्य धर्मपीठाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला काढला. १९६४ साली आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये निदर्शनं केली, तेव्हा तो मागे घ्यावा लागला. ‘तुम्ही कोण, कुठले, कधीचे’ हा प्रश्न त्यांच्यासाठी अभ्यासाचा नव्हता, लग्न होईल की नाही याचा होता. अमेरिकेत केनेविक इथे सापडलेल्या मानवाचं हेच झालं. १९९६ साली नदीकाठी सापडलेले साडेआठ-नऊ हजार वर्षांपूर्वीचे अवशेष. हा आदिवासींचा पूर्वज दिसत नाही म्हणून काही शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं कोर्टात लढले. २०१५ साली डीएनएने तो आदिवासींचाच ठरवला आणि २०१७ साली त्यांनी त्याला पुन्हा दफन केलं. तारखांचा वाद कोणाच्या हातात हत्यार होतो ते बघूनच त्यात उतरावं. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, म्हणजे तो डीएनए अभ्यास निघाला त्याच वर्षी. त्यासाठी गलबताचं साल सांगायची पाळी आपल्यावर आली नाही.

माझं मत विचारशील तर ते असं. एकच गलबत, एकच दिवस, चौदाच माणसं हे मला पटत नाही. चौलच्या बंदरात लाल समुद्रातून, येमेनमधून, इराणी आखातातून शतकानुशतकं माणसं येत राहिली. त्यांतली काही यहुदी होती, काही राहिली, एखादं गलबत खरोखर खांदेरीजवळ फुटलं आणि त्याची आठवण सगळ्यांची झाली. इ.स.पूर्व १७५ हे साल मी मुलांना परंपरा म्हणून सांगेन, तारीख म्हणून सांगणार नाही. डीएनएच्या आकड्यालाही मी आगमनाची तारीख म्हणणार नाही. पनवेलमध्ये दगडाला हात लावून मी खात्रीने सांगू शकते ते साल १८४९, आपल्या बेथ एल सिनेगॉगचं. त्यामागचं सगळं अजून शोधायचं आहे, आणि ते शोधण्याइतकं साहित्य आहे, हे तुला सांगायचं होतं.

ते साहित्य कुठे आहे? झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या काजी घराण्यांकडे सनदा होत्या. आंग्र्यांच्या आरमारात चाकरी केलेली आपली घराणी आहेत. पेण, रोहा, दिवे, किहीम अशा गावांवरून आपली आडनावं पडली, त्या गावांच्या वतनी कागदांत, घाणेपट्टीच्या नोंदींत शनिवार तेली कुठेतरी असणारच. ते सगळं मोडी लिपीत आहे, आणि मोडी वाचणारे आपल्यात जवळजवळ उरले नाहीत. नवगाव, रेवदंडा, पेण इथल्या दफनभूमींतल्या दगडांवरची अक्षरं दर पावसाळ्यात झिजतात. २६ जुलै २००५च्या पुरात पनवेलमध्ये घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा ट्रंकांतले किती केतुबा, म्हणजे लग्नाचे करारनामे, आणि किती खरेदीखतं लगदा होऊन फेकली गेली असतील ते कोणी मोजलं नाही.

म्हणून तुला एक काम सांगते. येत्या सुट्टीत येशील तेव्हा मोडीची बाराखडी शिकून ये. मी पेण आणि नवगावच्या दगडांची यादी करायला घेतली आहे, ती तू कॅमेऱ्याने पुरी कर. आणि हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती करते, मग तो बेने इस्राएली असो की आमचा शेजारी. घरात आजोबा-पणजोबांच्या वेळचा मोडी कागद असेल, त्यात एखाद्या शनिवार तेल्याचं नाव, देणं, घेणं, साक्ष काहीही असेल, तर तो रद्दीत घालू नका. आधी त्याचा फोटो काढा, मग मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, आणि मूळ कागद पुराभिलेखागारात द्या.

तुझी,
आत्या